सुंदर, देखणे, साजरे : मराठीतील रूपवाचक विशेषणांचा अर्थविचार

जळगावहून भुसावळकडे जाणाऱ्या मार्गावर नशिराबाद हे गाव आहे. त्याच्या जवळच्या भादली रेल्वे स्थानकाच्या परिसरात ५ मे १९१८ रोजी त्र्यंबक बापूजी ठोंबरे तथा बालकवी यांचा अपघाती अंत झाला. आणि तेथून थोड्याच कोसांवरील आसोदा या गावी १८८० साली बहिणाबाई चौधरी यांचा जन्म झाला. एकाची ओळख वाङ्मयेतिहासाने निसर्गसौंदर्याचा कवी अशी करून दिली, तर दुसरीची ओळख शेत, घर आणि संसार यांची कवयित्री अशी. दोघेही खानदेशच्या मातीतले. एखादी वस्तू पाहून मन प्रसन्न झाले, तर ते सांगण्यासाठी या दोघांनी कोणते शब्द वापरले, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु त्याचे उत्तर शोधू लागल्यास मराठीतील रूपवाचक विशेषणांविषयीच्या काही रूढ समजुती तपासून घ्याव्या लागतात.

यांतील सर्वांत रूढ समजूत अशी की, सुंदर, देखणा, सुरेख, मोहक, मनोहर, रम्य, लोभस, गोजिरा, साजिरा हे शब्द परस्परांचे पर्याय आहेत. शालेय व्याकरणातील समानार्थी शब्दांच्या याद्यांनी ही समजूत रुजवली, मार्गदर्शिकांनी ती जोपासली आणि पदव्युत्तर वर्गापर्यंत ती टिकून राहिली. कवितेच्या समासात विद्यार्थी 'लोभस = सुंदर', 'रेखीव = सुंदर', 'साजिरे = सुंदर' अशा टिपा करतो आणि उत्तरपत्रिकेत 'कवीने सुंदर वर्णन केले आहे' असे लिहून मोकळा होतो. दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाही. अमरकोशाने सुंदर, रुचिर, चारु, मनोरम, मंजुल इत्यादी शब्द एकाच गटात बांधले आणि तीच परंपरा पुढे चालत आली. मात्र अमरकोश हा पाठांतरासाठी रचलेला पद्यकोश होता. शब्दांची कुळे लावणे हे त्याचे कार्य, अर्थभेद दाखविणे हे नव्हे. त्याच्याकडून अर्थभेदाची अपेक्षा करणे म्हणजे पंचांगाकडून पावसाची हमी मागण्यासारखे आहे.

दोन शब्द खरोखर एकार्थी आहेत किंवा नाहीत, हे ठरविण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्यांचे साहचर्य पाहणे : कोणते विशेषण कोणत्या नामाशेजारी बसते आणि कोठे बसावयास नकार देते. या दृष्टीने पाहता 'सुंदर' हा या कुळातील सर्वांत मोकळा शब्द आहे. चेहरा, आवाज, विचार, अक्षर, संध्याकाळ, कल्पना, इतकेच काय, आमटीही सुंदर होऊ शकते. ज्याचा व्याप असा सर्वदूर, त्याचा आशय स्वाभाविकच विरळ होत जातो. 'सुंदर' म्हणणारा संमती देतो, पण त्या वस्तूत काय दिसले हे सांगत नाही. इतर विशेषणांचे तसे नाही. ती प्रत्येक वेळी काहीतरी अधिक सांगतात, आणि हे अधिक काय असते, याचाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

सुरेख, रेखीव, सुबक, नीटस, ठसठशीत हे शब्द वस्तूच्या घडणीकडे बोट दाखवतात. 'सुरेख' आणि 'रेखीव' या दोहोंत रेषा आहे. परंतु 'सुरेख'मधील रेषा आता पुसट झाली आहे. गाणे सुरेख होते, बेत सुरेख जमतो. 'रेखीव'मधील रेषा मात्र शाबूत आहे, म्हणून भुवया, नाक, जिवणी, अक्षर रेखीव असते. आवाज किंवा पाऊस रेखीव नसतो. 'सुबक' या शब्दात हाताचे कौशल्य आणि लहान आकार ही दोन्ही गृहीत आहेत. मूर्ती सुबक, डबी सुबक, करंजीची मुरड सुबक. सातपुडा कोणी सुबक म्हणणार नाही. 'टुमदार' हा शब्द तर घर, बंगला किंवा फार तर गाव यांपलीकडे जात नाही, आणि त्या घरापासून पाहणारा जरा दूर उभा असतो. घरात राहून रोज केर काढणाऱ्याला ते टुमदार दिसत नाही. 'ठसठशीत' कुंकवाला आणि नथीला शोभते. तेथे नाजुकपणाच्या उलट, उठून दिसणे हाच गुण आहे. या शब्दांतील भेद कमी-अधिक सौंदर्याचा नाही. रेखीव हे सुबकाहून वरच्या पायरीवर आहे असे म्हणता येत नाही. दोघांचे पाहणेच निराळे आहे.

पाहण्याचा हा मुद्दा 'देखणा' या शब्दात सर्वांत उघड होतो. प्रमाण मराठीत 'देखणे' हे क्रियापद रोजच्या बोलण्यातून जवळजवळ गेले. त्याच्या जागी पाहणे आणि बघणे आले. मागे राहिले ते देखावा, देखरेख, देखत असे अवशेष, आणि 'देखणा' हे विशेषण. अहिराणीत आणि पूर्व खानदेशातील लेवा बोलीत मात्र 'देख' हा धातू आजही रोजच्या व्यवहारात आहे. पुण्यातील वक्त्याला 'देखणा' हा एक तयार शब्द म्हणून मिळतो. अमळनेर किंवा यावलच्या वक्त्याला त्यात 'देख' ही हाक ऐकू येऊ शकते. जुन्या मराठीत 'देखणा' याचा पाहणारा, डोळस असाही अर्थ होता. म्हणजे एकच शब्द पाहणाऱ्यालाही लागत होता आणि पाहण्याजोग्यालाही. पुढे पहिला अर्थ मागे पडला, तरी 'देखणा' शब्दावरची डोळ्यांची मालकी सुटली नाही. देखणा आवाज नसतो, देखणा सुगंध नसतो, देखणा विचारही नसतो. देखणा घोडा, देखणी बैलजोडी, देखणी इमारत, देखणा सोहळा, ग्रंथपरीक्षणांतून हमखास भेटणारी देखणी निर्मिती, हे सर्व डोळ्यांपुढे उभे राहणारे विषय आहेत. शिवाय त्यांत थोडी ऐट आहे, चारचौघांसमोर उभे राहण्याची तयारी आहे. पाळण्यातल्या मुलाला म्हणूनच सहसा कोणी देखणे म्हणत नाही.

त्या मुलासाठी भाषेने वेगळे शब्द राखून ठेवले आहेत : गोंडस, गोजिरे, गोड, लोभस. यांत पाहणाऱ्याचे अंतर नाहीसे होते. वस्तू जवळ आहे, बहुधा लहान आहे, आणि तिला उचलून घ्यावे असे वाटते आहे. 'लोभस' शब्दातील लोभ हा हाव या अर्थाचा नव्हे. 'लोभ असावा' असे पत्राच्या शेवटी लिहिले जाई, तोच हा लोभ. परका माणूस लोभस असू शकतो, परंतु त्याला लोभस म्हणताक्षणी तो अर्धा आपला झालेला असतो. अलीकडे 'क्यूट' या शब्दाने हा सारा प्रांत बळकावला आहे. कुत्र्याचे पिल्लू, बाळ, फ्रॉक आणि मित्राचे वागणे या सर्वांना तो चालतो. नव्या शब्दाला विरोध करण्याचे कारण नाही. पण गोजिरे, लोभस आणि गोंडस या तिन्हींची कामे तो एकटा करू लागला की, त्यांच्यातील भेद बोलणाऱ्याच्या मनातूनही जाण्याचा संभव असतो.

मोहक, मनोहर, आकर्षक हे शब्द उलट्या दिशेने चालतात. येथे कर्ता पाहणारा नसून वस्तू असते; ती मोह पाडते, मन हरण करते, ओढून घेते. तंत्रविद्येतील कर्मांत मोहन आणि आकर्षण यांची गणना होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या शब्दांच्या तळाशी असलेली बलाची कल्पना स्पष्ट होते. 'मनोहर' नामकरणापर्यंत पोहोचून सौम्य झाला. 'आकर्षक' बाजारात गेला : आकर्षक सवलत, आकर्षक बक्षिसे, आकर्षक व्याजदर. व्याजदर सुंदर किंवा देखणा नसतो, तरी आकर्षक असतो, यावरूनच या विशेषणाचा रूपाशी असलेला संबंध किती सैल आहे हे दिसते. रम्य आणि रमणीय हे स्थळकाळाचे शब्द होत. पहाट, वनश्री, भूतकाळ यांत मन रमते. मुलगी मात्र मराठीत रम्य होत नाही.

या विवेचनावरून एक गोष्ट पुढे येते. मराठीतील रूपवाचक विशेषणे सौंदर्याच्या अंशांनी नव्हे, तर पाहणारा कोठे उभा आहे यावरून वेगळी होतात. तो कारागिराच्या डोळ्याने घडण तपासतो आहे, दुरून न्याहाळतो आहे, ओढला गेला आहे, की कडेवर घेऊन बसला आहे, हे विशेषणावरून कळते. त्या सर्वांच्या जागी 'सुंदर' लिहिले की, वस्तू तेवढी राहते आणि पाहणारा माणूस कवितेतून निघून जातो.

इंग्रजीशी तुलना येथे उपयोगी पडते, कारण मराठी कोशरचनेवर त्या भाषेची छाया प्रथमपासून आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, सुधारून वाढविलेली आवृत्ती १८५७ मध्ये आली. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. द्वैभाषिक कोशात एका शब्दासमोर दुसऱ्या भाषेतील अनेक शब्द रांगेने येतात, आणि रांगेत उभे असलेले सर्व सारखे, असा ग्रह वाचकाने करून घेतला. इंग्रजीत 'हँडसम' हा शब्द हातापासून निघाला. मूळ अर्थ हाताळण्यास सोयीचा. पुढे तो प्रामुख्याने पुरुषाच्या रूपाला लागू झाला, आणि स्त्रीला लावला असता भारदस्तपणा सुचवू लागला. 'प्रिटी'चा पूर्वज धूर्त या अर्थाचा होता. आज तो नाजूक, बेताच्या रूपाचा शब्द आहे. तेथील भेद बऱ्याच अंशी लिंगाचा आणि वजनाचा. 'देखणा' हा शब्द मात्र स्त्री, पुरुष आणि बैल यांत भेद करीत नाही. म्हणून 'हँडसम = देखणा' हे समीकरण अनुवादात अर्ध्या वाटेपर्यंतच साथ देते; राजबिंडा, रुबाबदार हे केवळ पुरुषांसाठीचे शब्द कित्येकदा अधिक जवळ येतात. मराठीत रुळलेल्या 'स्मार्ट' शब्दाची कथा निराळीच. त्याने हुशारी आणि टापटीप यांची सांगड घालून रूपाचा प्रश्न शिताफीने टाळला.

मराठी सौंदर्यशास्त्राचे लक्षही प्रायः एकाच विशेषणावर खिळून राहिले. बा. सी. मर्ढेकरांचे 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) आणि रा. भा. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथांनी मराठी समीक्षेला सैद्धांतिक खोली दिली, हे निर्विवाद आहे. परंतु या चर्चांचे केंद्र 'ही वस्तू सुंदर आहे' या प्रकारचे विधान हे राहिले. ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन याने १९५६ मध्ये सुचविले होते की, सौंदर्यशास्त्राने 'सुंदर'चा विचार काही काळ बाजूला ठेवून छोट्या, घरगुती विशेषणांकडे वळावे. ही सूचना मराठीत अमलात आणली असती, तर सुबक आणि लोभस यांच्यातील अंतरावर एखादा प्रबंध तरी लिहिला गेला असता.

या छोट्या शब्दांवर समाजव्यवहारातील मोठी ओझी असतात. वधूवरसंशोधनाची भाषा हे त्याचे ठळक उदाहरण. तेथे मात्र विशेषणांची उतरंड खरोखरच लागते, आणि वर मांडलेल्या विचाराला हा अपवाद नोंदविला पाहिजे. देखणी; नाकी डोळी नीटस; दिसायला बरी; चारचौघींसारखी. 'नीटस' हा घडणीचा शब्द येथे उणे शेऱ्यासारखा वापरला जातो, आणि 'बरी'मधील संकोच मुलीच्या बापाला तत्काळ उमगतो. पाहण्याच्या कार्यक्रमात पाहणारा कोण आणि दाखविली जाणारी कोण हे आधीच ठरलेले असल्यामुळे विशेषणांना पाहणाऱ्याविषयी काही सांगण्याचे कारण उरत नाही. ती केवळ मोजमाप करतात. याहून बोलके आहे ते 'पण' हे अव्यय. 'सावळी पण देखणी' असे म्हटले जाते. 'गोरी पण देखणी' असे कोणी म्हणत नाही. दोन विशेषणांमध्ये 'आणि' येते की 'पण' येते, यावर त्या समाजाने कोणती रूपे परस्परविरोधी मानली आहेत हे कोशापेक्षा स्पष्ट समजते.

हा 'पण' मराठी कवितेत पूर्वीपासून होता असे नाही. तुकोबांच्या एका सर्वपरिचित अभंगाच्या आरंभी सावळा वर्ण, सुंदर आणि मनोहर हे तिन्ही शब्द एकाच रूपाला लागतात आणि मध्ये कोणतेही अव्यय येत नाही. विठ्ठलाला चालते ते वधूला का चालू नये, असा प्रश्न वारकरी घरांतूनही क्वचितच विचारला गेला, ही गोष्ट वेगळी. विसाव्या शतकात बा. भ. बोरकरांनी 'लावण्यरेखा' या कवितेत 'देखणे' हे विशेषण गोऱ्या-सावळ्याच्या हिशेबातून सोडवून घेतले आणि चेहऱ्यापासून हातापायांपर्यंत नेऊन त्याला नैतिक अर्थ दिला. विशेष हे की, त्यांनी यासाठी 'सुंदर' निवडला नाही. डोळ्यांशी बांधलेला शब्दच त्यांनी डोळ्यांपलीकडे नेला, आणि कवितेचे बळ त्या ओढाताणीत आहे.

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. बालकवींच्या 'श्रावणमास' या कवितेत 'सुंदर' हे विशेषण हरिणीला लागते, परडीला लागते आणि फुले खुडणाऱ्या बालांनाही लागते. फुलांच्या वाट्याला 'रम्य' येते. समीक्षकाला ही पुनरावृत्ती दुबळेपणाची वाटू शकते. परंतु तेथे कवीला वस्तू सुट्या करून दाखवावयाच्या नाहीत. पाखरे, हरिणी, मुली, आकाश या सर्वांवर एकच उल्हास पसरवावयाचा आहे, आणि त्या कामाला आशयाने विरळ, व्याप्तीने मोठा असा हाच शब्द उपयोगी पडतो. याच कवीच्या 'औदुंबर' या आठ ओळींच्या कवितेत मात्र सुंदर, रम्य, मनोहर, मोहक यांपैकी एकही शब्द नाही. निळा, सावळा, हिरवा, पांढरा, काळा अशी रंगांची नावे आहेत. गावाला 'चिमुकले' हे मायेचे विशेषण आहे, आणि आवडनिवड उघडपणे व्यक्त करणारे 'गोड' हे एकमेव विशेषण पाण्यावर पसरलेल्या काळिम्याला दिले आहे. गोड हा जिभेचा, फार तर बाळाच्या गालाचा शब्द. तो काळोख्या डोहापाशी आला आणि पाहणारा एकदम पाण्याच्या जवळ गेला. या कवितेचा अर्थ उदासीनता की शांती, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या वादात या एका विशेषणाची साक्ष जितकी घ्यावयास हवी होती तितकी घेतली गेलेली दिसत नाही. समासात 'गोड = सुंदर' असे लिहिणाऱ्यापुढे तर तो वाद उभाच राहत नाही.

बहिणाबाईंचे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. त्यांच्या रचना १९५२ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, 'बहिणाबाईंची गाणी' म्हणून प्रसिद्ध झाल्या. सुगरण पक्ष्याच्या घरट्यावरील त्यांची रचना शाळकरी मुलांनाही पाठ असते. तेथे घरट्याला विशेषण आहे ते 'चांगला'. आणि प्रचलित पाठात लगोलग 'देख' या धातूचे आज्ञार्थी रूप येते. 'चांगला' हा मराठीतील अगदी झिजलेला शब्द मानला जातो. त्याचे मूळ मात्र प्राकृत 'चंग' असे सांगतात, आणि त्या शब्दाचा अर्थ सुंदर, देखणा हाच होता. मराठीत तो रूपाकडून गुणाकडे सरकला. आज 'चांगली मुलगी' म्हटले तर शील आणि स्वभाव अभिप्रेत असतात; रूप सांगावयाचे असेल तर 'दिसायला' हा शब्द आधी जोडावा लागतो. बहिणाबाईंच्या ओळीत हे दोन्ही अर्थ अजून वेगळे झालेले नाहीत. खोपा दिसायला चांगला आहे, कारण तो विणीला चांगला आहे, पिलांना झोका देण्यास चांगला आहे आणि त्यामागे आईचा जीव आहे. तेथे 'सुंदर' घातले असते तर छंदही कदाचित सांभाळला गेला असता, पण पिले खोप्याबाहेर राहिली असती.

'साजरा' या शब्दाचा प्रवास असाच आहे. प्रमाण मराठीत तो आता सण आणि वाढदिवस यांपुरता उरला. 'साजिरा' हे रूप कवितेत 'गोजिरा'च्या सोबतीने दिसते. वऱ्हाडात मात्र साजरी पोर, साजरे घर, साजरे काम असे प्रयोग सहज होतात, आणि वऱ्हाडाला लागून असलेल्या पूर्व खानदेशच्या कानालाही ते परके नाहीत. साजणे म्हणजे शोभणे, जागच्या जागी बसणे. एकटी वस्तू साजरी नसते. ती कोणाच्या तरी अंगावर, घरात, प्रसंगात साजरी होते. प्रमाण भाषेत या अर्थाचे एकही साधे विशेषण नाही. 'शोभून दिसणारे' अशी फोड करावी लागते. तरीही वऱ्हाडच्या सीमेवरील एखाद्या गावाहून आलेल्या विद्यार्थ्याच्या निबंधात 'साजरी' हा शब्द आला की, त्याखाली लाल रेघ येते आणि वर 'सुंदर' लिहिले जाते. विद्यार्थी पुढच्या निबंधात 'सुंदर'च लिहितो. त्याच वर्गात, पुढच्या तासाला, बहिणाबाईंच्या खोप्याचा 'चांगला' समजावून सांगावयाचा असतो.